जांभळा धागा

उपोषणाच्या सहाव्या सकाळी निरीक्षक धोत्रे मंडपात आले आणि यमुना केणीला म्हणाले, "आ करा."

कारखान्याचं घाण पाणी गावच्या तळ्यात सोडू नये म्हणून अकरा बायका बसल्या होत्या. कुणी चोरून खाल्लं का, ते हल्ली दातांमधून फिरवलेला धागा सांगे. एक शीत जरी तोंडात गेलं, तरी पांढरा धागा जांभळा होई. धोत्र्यांनी तो करवतीसारखा खसकन ओढला. हिरडी कापली, रक्त आलं आणि धागा जांभळा झाला.

"खाल्लंत तुम्ही! उठा."

यमुनाने वीस वर्षं दंतवैद्याकडे मदतनीस म्हणून काढली होती. ती रक्त थुंकून म्हणाली, "रक्त लागलं तरी हा धागा जांभळा होतो, साहेब. हिरडी फाडलीत तुम्ही. दुसरा धागा द्या."

"नियमात बसत नाही." त्यांनी तिचं नाव खोडलं.

यमुना बायकांकडे वळली. "यांना तोंडाला हात लावू देऊ नका गं. धागा बोटांना गुंडाळा, हलकेच फटीत सरकवा, दाताला कवटाळून वर-खाली फिरवा. हिरडीवर आपटू नका."

धागा कुणाच्या हाताने फिरवायचा, ते नियमात लिहिलेलंच नव्हतं. पुढच्या बाईने ओठ घट्ट मिटून हात पुढे केला. मग तिच्या शेजारणीनेही. शेवटी धोत्र्यांनी धाग्यांची डबी सतरंजीवर आदळली.

दहाही धागे पांढरे निघाले. यमुना मंडपाबाहेर उन्हात जाऊन बसली. संध्याकाळी सुनेने पेज आणली, तेव्हा तिने वाटी परत पाठवली.