विमान उतरेपर्यंत

"त्याला काय विचारतोस, कर्टिस? त्याच्याकडे शेवटची ताजी बातमी आली, तेव्हा बर्लिनची भिंत उभी होती."

मार्गो प्रुइट असं म्हणाली आणि स्टुडिओतले सगळे हसले. टेड लिंडक्विस्ट हसला नाही. वॉशिंग्टनच्या या रेडिओ स्टुडिओत दर शुक्रवारी दुपारी तो आणि मार्गो समोरासमोर बसून राजकारणावर भांडत आले होते. दोघं वेगवेगळ्या वर्तमानपत्रांचे, दोघांचीही सत्तरी उलटलेली. तिचे टोमणे त्याला नवे नव्हते. पण आजचा टोमणा नको तिथं लागला.

कार्यक्रम थेट चालू होता. आयातकराचं बोलून झालं होतं. सिनेटमध्ये अडकलेल्या विधेयकाचं झालं होतं. युरोपातले मित्रदेश किती दिवस रुसून बसणार, याचंही झालं होतं. मग निवेदक कर्टिसनं सहज विचारलं होतं, "टेड, जोएल झिमरचं काय? सुटकेची काही हालचाल?"

जोएल झिमर टेडच्या हाताखाली शिकलेला. पुढे एका वृत्तसंस्थेनं त्याला परदेशी पाठवलं, आणि तिथल्या सरकारनं हेरगिरीचा आरोप ठेवून त्याला तुरुंगात डांबलं. त्याला वर्ष होऊन गेलं होतं.

हालचाल होती. कैद्यांची अदलाबदल ठरली होती. जोएलला घेऊन येणारं विमान आजच व्हिएन्नाला उतरणार होतं. टेडला हे बुधवारी परराष्ट्र खात्यातल्या एका जुन्या माणसाकडून कळलं. इतकी मोठी बातमी कितीतरी वर्षांनी त्याच्या हाती लागली होती, आणि त्याला तिची गरजही होती. नवा संपादक गेल्याच महिन्यात फार गोड आवाजात म्हणाला होता, "टेड, दर आठवड्याला कशाला दगदग करता? महिन्यातून एकदा लिहा की."

बुधवारीच तो लिहायला बसला. पहिला परिच्छेद झाला आणि फोन वाजला. ओहायोहून जोएलची आई बोलत होती.

"मिस्टर लिंडक्विस्ट, मी रूथ झिमर. तुम्हाला कळलं असेल, नाहीतर आज-उद्या कळेल. माझा मुलगा सुटू नये असं वाटणारी माणसं तिकडच्या सरकारात आहेत. विमान उतरायच्या आत इथं एक शब्द जरी बाहेर आला, तरी ती सगळं मोडून टाकतील, असं मला सांगितलंय. तुमचं काम तुम्ही करणार. मी कोण अडवणार? मी फक्त विनंती करते."

"नाही लिहिणार," टेड म्हणाला. फोन ठेवून त्यानं लिहिलेलं पुसून टाकलं.

न लिहिणं त्या मानानं सोपं होतं. कर्टिसचा प्रश्न अवघड होता. काही हालचाल नाही म्हणावं, तर ऐकणाऱ्यांशी धडधडीत खोटं बोलणं. ते त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. यावर बोलणार नाही म्हणावं, तर शहरातला प्रत्येक बातमीदार कान टवकारणार आणि फोन फिरवू लागणार. तो नुसता माइककडे बघत राहिला, आणि तेवढ्यात मार्गो मध्ये पडली होती.

ती थांबतही नव्हती.

"परराष्ट्र खात्यात ह्याचे फोन उचलणारे सगळे आता फ्लोरिडाला मासे पकडतायत. ह्याला बातमी कळते ती सकाळी पेपर उघडल्यावर. तीसुद्धा चष्मा सापडला तर."

"मार्गो, पुरे."

"बघ, नाही म्हणत नाहीये. ते सोड, कर्टिस. मध्यावधी निवडणुकीत पेनसिल्व्हेनिया कुणाकडे जाणार ते विचार. त्यावर हा ठामपणे काहीतरी चुकीचं सांगेल."

कर्टिस हसत पुढच्या विषयाकडे वळला. जोएलचा प्रश्न मागे पडला.

टेडला हायसं वाटलं आणि त्याच वेळी त्याचे कान तापले. सगळ्या देशानं ऐकलं होतं. त्याच्या संपादकानंही ऐकलं असणार. तिचे दात घशात घालायला एक वाक्य पुरे होतं. ते त्यानं गिळलं आणि पेनसिल्व्हेनियातल्या पोलाद कामगारांबद्दल बोलू लागला.

कार्यक्रम संपल्यावर तो कुणाशी न बोलता कोट चढवून निघाला. बाहेरच्या खोलीत माणसं टीव्हीसमोर जमली होती. व्हिएन्नाच्या धावपट्टीवर एक विमान उभं होतं. दार उघडलं. जोएल जिन्यावर आला. दाढी वाढलेली, अंगातला कोट दुसऱ्याच कुणाचा असावा इतका ढगळ. तो एकेक पायरी सावकाश उतरला, जमिनीवर पाय टेकले तसा थांबला, आणि हसला.

टेड जवळच्या खुर्चीत बसला. कर्टिस कुणाला तरी मिठी मारत होता, सगळ्यांचे फोन एकदम वाजू लागले होते. मार्गो येऊन शेजारी बसली. तिचे डोळे भरून आले होते.

"चिडलायस," ती म्हणाली.

"मग काय नाचू? बुधवारपासून माझ्याकडे ही बातमी होती, मार्गो. त्याच्या आईनं फोन केला म्हणून गप्प बसलो. तुझ्याकडे असती, तर तू बसली असतीस?"

मार्गोनं तळहातानं डोळे पुसले.

"मंगळवारपासून बसलेय," ती म्हणाली. "आणि टेड शोधून काढल्याशिवाय राहायचा नाही, त्यालाही फोन करा, असं रूथला मीच सांगितलं."