घाण्यावरचं खोबरेल

कमलाकांतकाकांनी बंदूक मधोमध दुमडली, हवेच्या भोकात बदाबदा खोबरेल ओतलं आणि दस्त्यावर हळदकुंकवाची बोटं ओढली.

दसरा होता. वाडीतलं झाडून सगळं लोखंड अंगणात पाटांवर मांडलं होतं. कोयते, पहारी, कुदळी, पाण्याचा पंपसुद्धा. या घराची रीतच होती, दसऱ्याला घरातल्या मोठ्या माणसाने स्वतःच्या हाताने प्रत्येक हत्याराला घरच्या नारळाचं तेल पाजायचं. आता कोयत्याला पाजा, पहारीला पाजा, कोण नको म्हणतंय? पण त्या ओळीत त्यांच्या पुतणीची, रूपलची, स्पर्धेची छऱ्याची बंदूकही होती. ती तिने तिथे ठेवली नव्हती. काकांनी तिच्या खोलीतून न विचारता उचलून आणली होती.

रूपल दारातली रांगोळी अर्धवट सोडून धावत आली.

"काका, आत काय घातलंत?"

"तेल. घाण्यावरचं. तुजी ती इवलीशी बाटली बघितली मी. पाणी हाय नुसतं. त्याला काय तेल बोलतात?"

"ते सिलिकॉन हाय. आतल्या रबरी वॉशरला तेच लागतं, ते पण एक थेंब. काळं ग्रीस हाय ते स्प्रिंगला नि बिजागरीला. याचं तिथं चालत नाय, त्याचं इथं चालत नाय. आत हवा दाबली का तापते. दुसरं तेल असलं का पेटतं, नि वॉशर जळतो."

"बंदुकीत तेल पेटतं, ऐका," काका जमलेल्या मंडळींना म्हणाले. शेजारचे बळवंतभाऊ हसले. काका हसायच्या आत हसायचं, एवढं एकच काम बळवंतभाऊंना चांगलं जमतं.

काकांनी तारापूरच्या कारखान्यात अख्खी नोकरी मेंटेनन्सला काढली, हे त्यांच्या दारावरून जाणाऱ्या कुत्र्यालासुद्धा पाठ आहे. तिथलं काम काय, तर काम करणाऱ्याच्या मागे उभं राहून "जरा सावकाश" म्हणायचं. निवृत्त झाल्यावर ते तेलातले जाणकार झाले. दरवाजा कुरकुरला, खोबरेल. गुडघा कुरकुरला, खोबरेल.

"द्या इकडं," रूपल म्हणाली. "अजून बार काढला नाय ना? मग उघडून पुसून काढते. संध्याकाळपर्यंत होईल. परवा पालघरला निवड हाय, काका."

निवड म्हणजे जिल्ह्याच्या संघाची. वर्षभर ती बोईसरला सरावाला जात होती, आणि तिच्या वयोगटात तिचं हे शेवटचं वर्ष होतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, काकांनाही.

"निवड कुठं पळून जाते? आधी बघू तर दे, चालते कशी."

त्यांनी कुंपणाजवळच्या मातीच्या ढिगाऱ्यावर करवंटी ठेवायला लावली, छर्रा भरला आणि चाप ओढला.

एरवी टपकन वाजणारी ती बंदूक लवंगी फटाक्याची माळ एकदम फुटावी तशी कडाडली. नळीतून निळा धूर निघाला. करवंटीचे दोन तुकडे झाले आणि मंडळी वा वा करायला लागली.

"बघितलास आवाज? ताकद वाढली."

"तेल पेटलं ते. वॉशर जळतोय, काका. ठेवा ती खाली."

"ताकद हाय ती. बळवंत, घे, तू मार."

बळवंतभाऊंनी मारली. मग काकांनी पुन्हा. मग कुणाचा तरी जावई आला होता, त्याने. खोबरेल करपल्याचा वास अंगणभर पसरला. कढई गॅसवर राहिली की काय म्हणून मंदाकाकू स्वयंपाकघरातून डोकावल्या.

"काकू, तुमी तरी सांगा त्यांना."

"सणाच्या दिवशी मोठ्या माणसाशी वाद नको घालू," काकू म्हणाल्या आणि पुरणाकडे परत गेल्या.

पुढच्या बाराला बंदूक फुस्स झाली. छर्रा नळीतून कसाबसा निघाला आणि काकांच्या पायापासून हातभर अंतरावर पडला. काकांनी बंदूक हलवली, कानाशी धरली, नळीत फुंकर मारली.

"माल हलका निघाला," ते म्हणाले. "मी घेताना बोललो होतो."

रूपलने बंदूक घेतली, दुमडली आणि भोकाला बोट लावलं. बोट काळं झालं. नवा वॉशर मुंबईहून मागवावा लागणार. आज दसऱ्यामुळे दुकान बंद, उद्या मागवला तरी परवा सकाळी हातात येत नाही. आणि निवडीच्या दिवशी स्वतःची बंदूक दुसऱ्याला कोण देतो? तिला रडू आलं नाही. समोरच्या माणसाची तिला किळस आली, आणि ती तिने तोंडावरून लपवलीही नाही.

"परवाचं गेलं," ती म्हणाली.

"पुढल्या वर्षी जा."

"पुढल्या वर्षी मी त्या गटात नसते."

"मग ऱ्हा घरी. कामं काय कमी हायत?"

रूपलने पाटावरची खोबरेलाची बाटली उचलली आणि फाटकाकडे गेली. तिथे काकांची बुलेट उभी होती, झेंडूचा हार घातलेली, सकाळपासून कोरड्या फडक्याने पुसून पुसून चकचकीत केलेली. चावी गाडीलाच होती. रूपलने ती काढून पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं आणि बाटली तिरकी केली.

काका अनवाणी धावत आले. "ए, ए, डोकं फिरलं काय तुजं? तिथं खोबरेल नाय चालत. इंजिनाची वाट लागेल."

रूपलने बाटली सरळ केली. टाकीत थेंबही पडला नव्हता. तिने झाकण लावलं, चावी फिरवली आणि बाटली काकांच्या हातात दिली.

"मंजे कळतं तुमाला," ती म्हणाली.