नदीकाठचा इशारा

"झालं! हिरवं दिसतंय ना?" टिळेकर सरांनी पडद्यावर बोट आपटलं. हिरव्या अक्षरांत 'झालं' उमटलं की तो त्यांना देवाचा कौल.

धरणाचे दरवाजे उघडणार होते आणि नदीकाठच्या गावांना इशाऱ्याचे मेसेज जायचे होते. पण त्यांच्या हाताखाली मेसेजची यंत्रणा सांभाळणाऱ्या हेमांगीला एका सरपंचांनी नुकतंच फोनवर सांगितलं होतं, "ताई, आमच्याकडं काहीच आलं नाही."

तिला नवल वाटलं नाही. मेसेज पाठवणारं क्लाउडवरचं फंक्शन, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर चालणारा छोटासा प्रोग्रॅम, सगळे मेसेज जाण्याची वाट न पाहताच 'झालं' म्हणून बंद व्हायचं आणि उरलेले मेसेज तिथंच मरायचे. त्याला थांबायला लावा, त्याची वेळमर्यादा वाढवा, असं तिने बजावलं होतं. "वरच्या साहेबांना डेमो झटपट दिसला पाहिजे," म्हणत सरांनी तिला उडवून लावलं होतं.

ती एकेका गावाला फोन लावत बसली. शेवटच्या गावातून "माणसं हलवली, ताई" ऐकल्यावरच तिने फोन खाली ठेवला.

सर बॅग उचलून निघालेच होते. "बघ, उगाच घाबरलीस."

"फंक्शन अगदी तुमच्यावर गेलंय, सर," ती शांतपणे म्हणाली. "लोकांपर्यंत काही पोचायच्या आत घरी पळतं."