पाऊण नवस

नाव, जन्मतारीख, पत्ता. तिन्ही गोष्टी चिन-श्वेने क्वानयिनमायला मोठ्याने सांगितल्या आणि वर जोडलं, "बाजारातलं, मासेवाल्यांसमोरचं डुकराच्या मटणाचं दुकान." तैनान शहरात त्याच्या नावाची माणसं कमी नाहीत. देवीने दिलेली सूट भलत्याच्याच पदरात पडायला नको.

सूट हवी होती ती एका घासाची. भाचीचं लग्न होतं. दुपारच्या जेवणावळीसाठी डुकराचे पाय त्याने स्वतः निवडले होते, लव जाळून, घासूनपुसून दिले होते. पहाटेपासून ते सोया सॉसमध्ये शिजत होते, आणि मांडव दोनच गल्ल्या पलीकडे होता. वास थेट देवळात येत होता.

"अहो, काही लाज?" मागे लग्नाला जायचा पोशाख घालून उभी असलेली बायको, शिऊ-ग्वेई, म्हणाली. "देवीपुढे उभं राहून मटण मागताय."

"मागत नाहीये. बोलणी करतोय."

आठ महिन्यांपूर्वी शिऊ-ग्वेईच्या पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा तो इथेच नवस बोलला होता. हिला पहिल्यासारखी कर, तीन वर्षं मांस तोंडाला लावणार नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. हात लावणार नाही, असं मात्र बोलला नाही. शेवटी धंदा होता. ती घरी आली आणि हा बाजारभर थट्टेचा विषय झाला. शाकाहारी खाटीक! गंमत म्हणजे गिऱ्हाईक वाढलं. हा स्वतः खात नाही, म्हणजे चांगला तुकडा घरी ठेवत नसणार, असं बायकांचं म्हणणं. रक्तदाब उतरला म्हणून डॉक्टर खूश. शेजारणी कौतुकाने पिठाची आतडी आणि सोयाबीनची बदकं करून आणत. एकटा चिन-श्वे सोडून सगळ्यांचं बरं चाललं होतं.

त्याने कौल लावायचे, चंद्रकोरीसारखे दोन लाकडी ठोकळे ओंजळीत घेतले.

"बोललेला नवस बदलायचा तर लागोपाठ तीनदा होकार लागतो हं," देवळाचा म्हातारा राखणदार, त्साय, अगरबत्त्यांची राख चाळता चाळता म्हणाला. "एक उताणा, एक उपडा. दोन्ही उपडे पडले की नाही म्हणजे नाही."

"आणि दोन्ही उताणे पडले की माय हसते. माहितीये आजोबा, मी काय आज आलोय?"

"नुसता रस्सा चालेल का, माय?" त्याने ठोकळे टाकले. दोन्ही उपडे.

"मटणाच्या भांड्यातली भाजी? मटण बाजूला सारून?" दोन्ही उपडे.

शिऊ-ग्वेईने घड्याळाकडे पाहिलं. चिन-श्वेने ठोकळे कपाळाला लावले आणि आवाज खाली आणला.

"माय, राग मानू नकोस, पण तू माप कमी दिलंस."

त्सायची चाळणी थांबली.

"मी म्हटलं होतं, पहिल्यासारखी कर. ही चालते, जेवते, माझ्यावर ओरडते. सगळं कबूल. पण हसते कुठे? आधी ही हसली की मासेवाले माना वळवून बघायचे. आता पोटावर हात धरते आणि तोंडातल्या तोंडात हूं करते. काम पाऊण झालंय, तर नवसही पाऊण धर. आज एक घास. बास."

"टाके ओढल्यासारखे वाटतात," शिऊ-ग्वेई हळूच म्हणाली. "पण तुमच्या कधी लक्षात आलं?"

"आठ महिने कान देऊन बसलोय," तो मागे न बघता म्हणाला आणि ठोकळे टाकले.

एक उताणा, एक उपडा. होकार!

पुन्हा टाकले. पुन्हा होकार. आता त्याने ओंजळ जरा जास्तच वर नेली. तिसऱ्यांदा टाकले तेव्हा एक ठोकळा समोरच उताणा पडला. दुसरा फरशीवर उडाला, घरंगळला आणि देवीपुढच्या टेबलाच्या लाल कापडाखाली गेला.

"हात लावू नका!" त्साय ओरडला. "हलला तर बाद. आधी बघा."

चिन-श्वे वाकायला गेला, पण दुकानात उभं राहून राहून गुडघे कामातून गेलेले. अर्ध्यावरच अडकला.

"सरका," म्हणत शिऊ-ग्वेई खाली बसली, दोन्ही हात फरशीवर टेकले आणि डोकं कापडाखाली घातलं.

"अगं, टाके! सांभाळून!" मग त्याला राहवेना. "काय पडलंय? उपडा असला तर होकार. उपडाच आहे ना?"

कापड हललं. उचकी लागल्यासारखा आवाज आला, मग दुसरा, आणि मग शिऊ-ग्वेई जी हसत सुटली ती थांबेचना. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईने स्कूटर थांबवून आत डोकावलं.

"उताणा!" ती कशीबशी म्हणाली. "उताणा आहे हो! हसतेय माय तुम्हाला!" आणि पुन्हा सुटली. तिचे दोन्ही हात फरशीवरच होते. पोटाशी एकही गेला नाही.

चिन-श्वेने समोरचा ठोकळा उचलला, बाहीने पुसला आणि जागेवर ठेवला. तीनदा वाकून नमस्कार केला.

"अहो, हसली तर पुन्हा विचारता येतं," त्साय म्हणाला. "टाका की."

"नको," चिन-श्वे नाक पुसत म्हणाला. "माप भरलं. अजून दोन वर्षं चार महिने पिठाची आतडी."