कडेवरचं बाळ

ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या प्राचीन रोमन नगराच्या अवशेषांत, तिथल्या मृतांचे शेवटचे क्षण जगायला देणारा पोशाख मृणालने हौसेने चढवला होता. आता राख तिला छातीपर्यंत चढलेली दिसत होती आणि तिचा श्वास खरोखरच कोंडत होता. हात मोकळे केले की पोशाख उघडणार होता. पण ती जिचे क्षण जगत होती, त्या मृत बाईच्या कडेवर बाळ होतं.

“अगं, ते दोन हजार वर्षांपूर्वीच गेलंय,” शेजारी उभा असलेला तिचा नवरा श्रीरंग विनवत होता. “सोड त्याला.”

“कळतंय रे. पण ठेवू कुठे? खाली सगळी गरम राख आहे.”

श्रीरंगने हात पुढे केले. “दे माझ्याकडे.”

“मानेखाली हात धरलास?”

त्याने रिकाम्या हवेत तळवा नीट वळवला. “धरलाय.”

तेव्हा कुठे तिची बोटं सुटली.