कोनशिलेची पाठ

विद्यार्थी संसदेची जुनी इमारत पाडण्यापूर्वी तिची कोनशिला काढून नव्या इमारतीत बसवावी, असे विद्यापीठाने ठरवले होते. त्या शिळेवर हात ठेवूनच प्रत्येक नव्या अध्यक्षाने शपथ घ्यावी, असा प्रघात. म्हणून नवी अध्यक्ष विशाखा वाठोरे ती भिंतीतून निघण्याची वाट पाहत उभी होती. तिचे वडील, भीमा, लेकीची शपथ पाहण्यासाठी सकाळच्या एसटीने हदगावहून नांदेडला आले होते.

"जपून, नरसिंग," इमारतीचा इतिहास लिहिणारे प्राध्यापक व्यंकटराव गवंड्याला बजावत होते. "या शिळेपूर्वी येथे काहीही नव्हते. इतिहास हिच्यापासून सुरू होतो."

"इतिहास तुमी लिवा, सर. वजन आमाला हाय," नरसिंग म्हणाला. शपथविधीसाठी जमलेली मुले हसली.

चौघांनी शिळा उतरवून पालथी ठेवली. पाठीचा चुना गळून पडला. नरसिंगने फडके फिरवले आणि त्याचा हात मध्येच थांबला.

"सर, हिकडं बी कोरलंय."

अक्षरे झिजली होती, पण वाचता येत होती : नमो बुद्धाय. या विहाराचा पाया पारूबाई वाठोरे यांच्या हस्ते घातला.

"आजी," विशाखा म्हणाली. 

भीमाने चपला काढल्या आणि तो अनवाणी मलब्यात शिरला. "गावानं विहार जाळला, तवा ही शिळा गेली. नदीत फेकली म्हणत, म्हून माय मरंस्तोवर नदीत हुडकीत व्हती."



"त्या काळी कंत्राटदार जुनाच दगड उलटवून कोरीत," व्यंकटराव अखेर म्हणाले.  मग ते विशाखाकडे वळले. "विशाखा, शपथ ह्याच बाजूवर घे. तोच न्याय होईल."

तिने हात पुढे केला.

"न्हाई, विशू. लोकायनी लई वर्सं हात ठिवला, आता बास. आपला दगड हाय. घरी नेऊन राहिलो मी."

चौघांनी उतरवलेल्या शिळेखाली भीमाने एकट्याने बोटे घातली. शिळा हलली नाही. त्याने पुन्हा जोर लावला.

विशाखाने शपथेसाठी पुढे केलेला हात मागे घेतला नाही. ती समोरून वाकली आणि तो तिने शिळेच्या दुसऱ्या कडेखाली घातला.