गल्लीच्या जागी

लेकीचं स्वयंपाकघर बाबांच्या खिडकीतून दिसायचं, कुकरच्या शिट्ट्याही मोजता यायच्या. पण मध्ये दोन वसाहतींची उंच भिंत होती. बाळंतीण लेकीला डबा द्यायला त्यांना रोज हमरस्त्यावरून वळसा घालत पाऊण तास पाय ओढावे लागत.

"बाबा, आजही गारच झाला हो," डबा उघडत लेक म्हणाली. "तुमच्या नगररचना कचेरीतल्या नकाशेवाल्याने इथून एक गल्ली ठेवली असती, तर त्याच्या बापाचं काय जाणार होतं?"

"नसेल सुचलं बिचाऱ्याला," म्हणत ते गुडघे चोळत पायरीवर टेकले.



गल्ली नकाशात होती; लेक डोळ्यांसमोर राहावी म्हणून त्यांनीच ती खोडून तिथे तिच्या घराचा हा एक प्लॉट वाढवला होता.